गंधकाची धुरी

मोताळ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बोर्डावर तसंच लिहिलंय, पण लोक औषधाचं दुकान म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. शेतकरी सकाळी येतो, खिशातून चुरगळलेलं पान काढून काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, “पाहा बरं भाऊ, याले काय झालं?” मग मी चष्मा चढवतो. पान उलटं करतो, उजेडाकडे धरतो, थोडा वेळ गप्प राहतो. खरं सांगायचं तर निम्म्या वेळेला पान हातात घेतल्या घेतल्याच मला कळलेलं असतं. पण पटकन सांगितलं तर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, आणि सांगणाऱ्याचं तर मुळीच होत नाही. कृषीची पदविका, वीस वर्षांचं दुकान आणि ही गप्प राहायची सवय, एवढ्या भांडवलावर माझं छान चाललं होतं. आजूबाजूच्या गावांत पिकाला काही झालं की लोक मला विचारत. दुसरं मला फार काही नको होतं.

रोहिणखेडच्या रस्त्याला आमचं शेत आहे. तिथं आम्ही दहा गुंठ्यांवर पॉलीहाऊस उभं केलं आणि आत काकडी लावली. आम्ही म्हणजे अर्ज मी केले, सह्या मी केल्या आणि नारळ फोडतानाच्या फोटोत मी होतो. आत राबायची माझी बायको. वेल सुतळीवर चढवणं, पानांच्या बगलेतली फूट खुडणं, खालची पिवळी पानं काढणं, हे सगळं तिचं. तिचं शिक्षण दहावीपर्यंत. मी तिला ‘तुला काय कळतं’ असं कधी म्हटलं नाही, कारण ते म्हणायची वेळच आली नव्हती.

पॉलीहाऊसमध्ये पिकाला जे मानवतं तेच किडीलाही मानवतं. ऊब, ओल, आडोसा. पांढरी माशी एकदा आत शिरली की तिला माहेरच मिळालं. पंपानं फवारलं तर औषध पानाच्या वर बसतं आणि माशी बसते पानाखाली. म्हणून धूर. औषधाचा धूर कानाकोपऱ्यात जातो, पानाखालीही जातो. धुराचं मशीन आमच्या भागात पहिल्यांदा मी आणलं. मोटारसायकलसारखं फडफडायचं आणि तोंडातून पांढरे लोट सोडायचं. मी धूर सोडायचा तो दिवस असला की शेजारची माणसं बांधावर येऊन उभी राहत. संध्याकाळी वारा पडला की बाजूचे पडदे खाली, वरच्या झडपा बंद. तोंडावर मास्क, हातात मोजे. आतल्या टोकापासून सुरुवात करायची आणि मागं मागं चालत दारापर्यंत यायचं, म्हणजे आपणच सोडलेल्या धुरात आपण सापडत नाही. मग दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पडदे उघडून चांगलं वारं खेळल्याशिवाय आत कोणी पाऊल टाकायचं नाही. मी मास्क काढून घाम पुसत बाहेर आलो की कोणीतरी म्हणायचं, “भाऊचं काम म्हणजे एकदम पद्धतशीर.” ते ऐकायला मी मुद्दाम सावकाश घाम पुसायचो.

पण माशी जाईना. दोन दिवस कमी व्हायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा माशी पकडायला टांगलेल्या पिवळ्या चिकट कार्डांवर गर्दी. मी आधी औषधाला दोष दिला, मग कंपनीला, मग हवेला.

एका संध्याकाळी धूर सोडून मी बाहेर आलो तर बायको पॉलीहाऊसभोवती हळूहळू फेरी घालत होती. मान वर, डोळे बारीक, हातात टिकल्यांचं पाकीट. मधेच थांबायची, प्लास्टिकवर एक टिकली लावायची आणि पुढं जायची. मला वाटलं, हिनं काही नवसबिवस बोललाय.

“हे काय करून राह्यली?”

“धूर जिथून निघून राह्यला तिथं टिकली लावून राह्यली,” ती म्हणाली. “नाही तं उद्या उजेडात भोक सापडन कसं?”

सकाळी पाहिलं तर पांढऱ्या प्लास्टिकवर मरून टिकल्याच टिकल्या. कुठं शिवण उसवलेली, कुठं उंदरानं कुरतडलेलं, एका कोपऱ्यात तर पडदा खाली टेकतच नव्हता. माझा धूर रात्रभर बाहेर जात होता आणि बाहेरची माशी आत येत होती. तिनं एकेक टिकली काढून तिथं चिकटपट्टी मारली. पुढच्या धुरानंतर चिकट कार्डं कोरी राहिली.

तेवढ्यावर राहिलं असतं तर मीही चार ठिकाणी कौतुकानं सांगितलं असतं. पण शेजाऱ्यानं टिकल्यांचा फोटो काढला आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. आठवड्याभरात रोहिणखेडपासून थेट अमडापूरपर्यंतच्या पॉलीहाऊसवाल्यांच्या तोंडी एकच गोष्ट. वहिनीनं टिकली लावून भोकं शोधली. धूर कोणी सोडला होता, हे कोणाच्या गावीही नव्हतं. मशीन माझं, औषध माझं, घाम माझा, आणि नाव टिकलीचं.

मग माणसं दुकानात येऊन पान खिशातच ठेवू लागली.

“भाऊ, वहिनी कुठी हायेत?”

“घरी. काय काम होतं?”

“काही नाही, मिरचीच्या शेंड्याचं विचारायचं होतं त्यायले. नंबर देता का त्यायचा?”

मी नंबर द्यायचो. न देऊन जातो कुठं? आतल्या आत मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात. माझ्या घरची मुर्गी गावाची कोतवाल झाली होती आणि डाळ मी झालो होतो. संध्याकाळी घरी गेलो की तिच्या फोनवर पानांचे फोटो आलेले असायचे. माझं कॉलेजातलं भिंग तिनं घेतलं होतं, लाल कोळी ही बारीक कीड पाहायला. ते परत आलं नाही. ती दुकानात येऊन बाटल्यांवरची माहितीपत्रकं घेऊन जायची आणि बारीक अक्षरातलं सगळं वाचायची. मी ती पत्रकं वीस वर्षं पुडीला वापरली होती.

मला आनंद व्हायला हवा होता, हे मला कळत होतं. झाला नाही. भाजीत मीठ जास्त आहे असं मी तीन दिवस लागोपाठ म्हणालो. ती म्हणाली, आता इतक्या वेळा धूर सोडायची गरज नाही. मी म्हणालो, “मंग मशीन भंगारात देऊ का?” ती हसली. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं.

थंडीच्या शेवटी काकडीवर भुरी आली. पानावर कोणीतरी पीठ शिंपडल्यासारखे डाग. बुरशीच ती. पहाटे दव आणि दुपारी ऊन असलं की फार झपाट्यानं पसरते. भुरीला गंधक हा जुना उपाय. पॉलीहाऊसमध्ये गंधक तापवून त्याची वाफ सोडतात, त्यासाठी विजेवरची छोटी भांडी मिळतात. तिनं ते फोनवर पाहिलं होतं. पण आमच्या शेतात संध्याकाळी लाईन नसते. ती लाईन यायची वाट पाहणाऱ्यांतली नाही. दोन बाळंतपणं झालेली बाई. शेगडीत गोवरीचा विस्तव करून त्यावर ओवा-शेपा टाकायचा, ती धुरी तिनं घेतली होती, जावांना दिली होती. आमच्याकडे घराघरात तीच पद्धत. रात्री जेवताना तिनं मला विचारलं, “गंधक शेगडीवर टाकला तं चालते का हो? गोवरीच्या विस्तवावर?”

मला उत्तर माहीत होतं. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आमचे सर प्रयोगशाळेत सांगायचे, गंधक वितळला पाहिजे, पेटला नाही पाहिजे. वितळून त्याची वाफ झाली तर बुरशी मरते. पेटला, निळी ज्योत आली, की त्याचा विषारी वायू होतो. ओल्या पानावर बसून तो पान भाजून काढतो, आणि माणसाच्या छातीतही तेच करतो. गोवरीच्या विस्तवावर तो पेटणारच. हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं.

मी घास गिळला. नेहमीसारखा थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, “धुरी ते धुरीच. टाक.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ताटात भाकरी वाढली आणि विषय संपला.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो. तिचं नुकसान व्हावं असं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. चार पानं करपतील, ती घाबरून दुकानात येईल, पान काउंटरवर ठेवेल आणि म्हणेल, पाहा बरं याले काय झालं. एवढंच मला पाहिजे होतं. चार पानं! जणू गंधक मला विचारून जळणार होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शेतावर गेली. मी दुकानात होतो. पडदे पाडायची वेळ झाली तसा मी सारखा घड्याळाकडे पाहू लागलो. एकदा फोन हातात घेतला. एक वाक्य सांगायचं होतं. नको टाकू, पेटते तो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, नवं होतं, धामणगावकडचं. म्हणालं, “त्या टिकलीवाल्या वहिनीचं घर कोणतं म्हणे?” मी त्याला तिचा नंबर लिहून दिला आणि फोन गल्ल्याशेजारी पालथा ठेवला. चूक तोंडातून एकदा निघाली होती. ती दुरुस्त करायची संधीही मी सोडली.

गिऱ्हाईक गेलं आणि मला धीर धरवेना. शटर अर्धं ओढून मी गाडीला किक मारली. शेतावर पोचलो तेव्हा नुकती दिवेलागण झाली होती. ती पॉलीहाऊसच्या बाहेर खाली बसून खोकत होती. तोंडाला ओला पदर, डोळे लालभडक. एका हातानं पडद्याची दोरी धरून ठेवली होती, पण ओढायचा दम नव्हता. प्लास्टिकच्या आत ओळींच्या मधे चार जागी निळसर ज्योती दिसत होत्या. चार शेगड्या.

“आत जाऊ नका,” ती खोकत म्हणाली. “मले छातीत आग होऊन राह्यली. पडदे वर घ्या.”

मी बाहेरूनच धावत चारही बाजूंचे पडदे वर घेतले. त्या वासानं माझ्याही घशाला कात्री लागली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की आत पानांबरोबर तीही होती. आदल्या रात्रीपासून मी काकडीचा विचार केला, दुकानाचा केला, माझ्या नाकाचा केला. तिच्या छातीचा केला नव्हता.

डॉक्टरांनी वाफारा आणि गोळ्या दिल्या. ते म्हणाले, लवकर बाहेर निघाल्या म्हणून बरं. आठ-दहा दिवस ती रात्री उठून बसायची. पॉलीहाऊसची पानं दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत पांढरी पडली, शिरांमधली जागा कागदासारखी वाळली, कडा मुरडल्या. कोवळी काकडी वेलावरच पिवळी झाली. पिकाचा दोन तृतीयांश भाग गेला. ती खोकत खोकत वेल कापत होती आणि मी तिच्या मागून ते उचलून बांधावर टाकत होतो. ती माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. हे उचला, ते तिकडे टाका. तिनं एकदाही विचारलं नाही की असं कसं झालं.

आसपासच्या गावांतल्या बचत गटाच्या बायका आमचं पॉलीहाऊस पाहायला येणार, हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं. मी म्हणालो, आता काय दाखवणार, नाही म्हणून सांग. ती म्हणाली, “येऊ द्या.” तिनं दाराजवळची करपलेली एक ओळ कापली नव्हती. ती का ठेवली, हे मला बायका आल्यावर समजलं.

पंधरा-वीस जणी होत्या. काहींना टिकलीची गोष्ट ऐकायची होती, म्हणून त्या हसतच आत शिरल्या. तिनं त्यांना सरळ त्या ओळीपुढं उभं केलं. एक पान तोडून हातोहात फिरवलं आणि म्हणाली, “हे पाहा बाई. हे भुरीनं नाही झालं. हे माह्या हातानं झालं. गोवरीच्या विस्तवावर गंधक टाकला मी. तुमी कोणी टाकू नका. माहीच चूक आहे.”

मी दाराशी उभा होतो. एवढं पीक जाऊन, खोकून बेजार होऊन ही बाई वीस जणींपुढं ‘माहीच चूक’ म्हणते आणि कोणाच्या नजरेत ती कमी होत नाही, उलट सगळ्या तिच्या आणखी जवळ सरकतात, हे पाहून माझ्या पोटात काय दुखलं म्हणता! त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. मला वीस वर्षांत एकदाही ‘माझं चुकलं’ म्हणता आलं नव्हतं आणि हिला ते पाणी पिण्याइतकं सोपं जात होतं.

त्यांच्यातली एक म्हातारी मला ओळखत होती. तिनं माझ्याकडे बोट केलं. “घरातच औषधाचं दुकान हाये तुमच्या. मालकाले नाही विचारलं का, माय?”

सगळ्या वळून माझ्याकडे पाहू लागल्या. आता ती सांगेल, आणि उद्या मोताळ्याच्या बाजारात माझी छी थू होईल, हे मला स्वच्छ दिसलं. बायकोला मुद्दाम खोटं सांगणाऱ्याच्या दुकानातून औषध कोण नेईल? सगळं तिच्या एका शब्दावर होतं.

“यायले विचारायले टाइम कुठं होता?” ती म्हणाली. “दुकानात गर्दी होती.”

“हेच चुकते पोरींचं,” म्हातारी म्हणाली. “विचारलं असतं तं पीक वाचलं असतं. आता तुमी तरी सांगा हो भाऊ, कसा द्यायचा गंधक?”

त्या वेळी मी खरं बोलू शकलो असतो. तोंड उघडलंही. पण वीस चेहरे माझ्याकडे लागले होते, कितीतरी महिन्यांनी लागले होते. मी चष्मा चढवला. पान हातात घेतलं, उलटं केलं, उजेडाकडे धरलं. थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, “गंधक वितळला पाहिजे, पेटला नाही पाहिजे.” आणि पुढं अर्धा तास बोललो. किती अंतरावर भांडं टांगायचं, पानं कोरडी का लागतात, आत माणूस का नको. फार छान बोललो. दोघी-तिघींनी लिहून घेतलं. मला सांगायला लाज वाटते, पण त्या अर्ध्या तासात मी खूश होतो.

बायका गेल्यावर ती हौदावर हात धूत होती. मी जवळ गेलो.

“काऊन खोटं बोलली तू? विचारलं तं होतं मले.”

ती हात धूतच राहिली. “विचारलं होतं. अन् तुमी घास गिळून गप्प बसले, तवाच तुमचं तोंड पाह्यलं होतं मी. काही तरी आहे, हे समजलं मले. मंग मनात म्हटलं, जाऊ दे, माहा माणूस मले असं सांगनार नाही. अन् पेटवलं. तं चूक माहीच झाली नाही का?”

तिनं पदराला हात पुसले आणि ती आत गेली. ती रागात नव्हती.

आता दुकान पूर्वीसारखं चालतं. त्या बायकांनी गावोगाव सांगितलं, भाऊले विचारल्याशिवाय काही टाकू नका. माणसं पुन्हा खिशातून पानं काढू लागली आहेत. अमडापूरहून एक जण नुसता विचारायला आला. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं.

परवा संध्याकाळी घरी आलो तर ती ओट्यावर बसून फोनवर बोलत होती. नव्या काकडीवर लाल कोळी दिसत होता. फोन चिखलीच्या एका दुकानदाराला लावला होता. तिनं आवाज बाहेर ठेवला होता, कारण ती वहीत लिहून घेत होती. आधी धूर सोडायचा का पानं काढायची, असं तिनं विचारलं. तो बोलायला लागला. माणूस तरुण वाटत होता. गप्पबिप्प न राहता, विचारल्याबरोबर सांगत होता. मी पायरीवर चपला काढता काढता ऐकत होतो. तो चुकेल म्हणून मी वाट पाहिली. तो चुकला नाही. तिनं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं दादा, तुमाले विचारलं.”

मग तिनं मला जेवायला वाढलं.